कारण सापडलं, आजार राहून गेला

(परभणी येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



मानसिक आजार कसे ओळखावेत, असा आजचा विषय पत्रिकेत छापला आहे. लक्षणांची यादी तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. मला मात्र यादीच्या अलीकडची एक गोष्ट सांगायची आहे. इतकी वर्षं याच जिल्ह्यात मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करताना ती मला सारखी टोचत आली आहे. आपल्याकडे मनाचा आजार लपतो तो बहुतेक वेळा कारणाच्या आड. माणूस गप्प झालाय, जेवत नाही, झोपत नाही. आपण विचारतो, काय झालं? परभणी जिल्ह्यात या प्रश्नाला उत्तर मिळायला वेळ लागत नाही. सोयाबीन काढणीला आलं आणि पावसानं गाठलं. कपाशीवर बोंडअळी पडली. सोसायटीचं थकलं, त्यावर सावकाराचं चढलं. पोरीचं लग्न तोंडावर आहे. मग बघणारा म्हणतो, ‘‘एवढं डोक्यावर असल्यावर कोणाचंही असंच होईल.’’ कारण सापडलं की आपलं समाधान होतं आणि आपण पुढं बघायचं थांबतो.

रस्ता खराब होता म्हणून बैलगाडी उलटली, हे खरं असलं तरी आतल्या माणसाचं मोडलेलं हाड बसवावंच लागतं. रस्त्याची तक्रार आपण जरूर करू, पण तोवर त्याला तसाच पडू देत नाही. मनाच्या बाबतीत मात्र आपण माणसाला तसाच पडू देतो.

मानवत तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पन्नाशीचा माणूस, कोरडवाहू पाच एकर. त्याची तक्रार एकच होती, ‘‘अंगात ताकद नाही, पोटात जळजळ, कंबर धरली. सलाईन लावा.’’ गावात सलाईनी झाल्या होत्या. नांदेडला जाऊन पोटाची दुर्बिणीतून तपासणी झाली, सोनोग्राफी झाली, फाईल जाडजूड झाली. सगळे रिपोर्ट नॉर्मल. मी बोलत होते तेव्हा तो खाली मान घालून बसला होता. प्रत्येक उत्तराआधी इतका वेळ घ्यायचा की प्रश्न पोचला की नाही अशी शंका यावी. बायको दाराशी उभी होती. ती म्हणाली, ‘‘मॅडम, औंदा पोळ्याला यांनी बैलाला हातसुद्धा लावला नाही. पोरानंच शिंगं रंगवली.’’

माझ्यासाठी त्या जाड फाईलपेक्षा हे एक वाक्य मोलाचं होतं. पैसे नसले की झूल नवी घेतली जात नाही, बेगड कमी लागते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण ज्या बैलांना त्यानं लहानाचं मोठं केलं, त्यांच्याकडे वळूनही बघावंसं न वाटणं हे गरिबीचं लक्षण नाही. मग एकेक गोष्ट बाहेर आली. रात्री डोळा लागायचा, पण पहाटे तीनला जाग यायची आणि त्यानंतर विचारांचं चऱ्हाट सुरू व्हायचं. सकाळ सगळ्यांत जड जायची, संध्याकाळी थोडं बरं वाटायचं. भाकरीला चव नाही. पारावर जाणं बंद, मंगळवारच्या बाजाराला जाणं बंद. आणि तोंडी सारखं एकच : ‘‘मीच घर बुडवलं.’’

त्याच्या सख्ख्या भावाचीही तेवढीच जमीन, तेवढंच कर्ज, तोच पाऊस. भाऊ सोबत आला होता. चिंता त्यालाही होती, रागही होता, सरकारला शिव्याही देत होता. पण तो जेवत होता, झोपत होता, आणि पुतण्यानं काही गमतीचं सांगितलं तर हसत होता. दुःख आणि आजार यांतला फरक मला त्या दोन भावांत जितका स्पष्ट दिसला तितका पुस्तकांतही दिसला नव्हता. दुःखी माणसाच्या मनात आनंदाला शिरायला फट असते. नैराश्याच्या आजारात ती बुजते. निदान दोन आठवडे, दिवसातला बहुतेक वेळ, उदासवाणं वाटणं किंवा कशातच गोडी न उरणं; त्यासोबत झोप, भूक, ताकद, एकाग्रता बिघडणं; स्वतःला निकामी, दोषी समजणं; जगण्यात अर्थ नाही असं वाटणं. हा आजार आहे. कर्ज फिटेपर्यंत त्याचा उपचार थांबवून ठेवायची गरज नाही. उलट उपचार झाला तर कर्जाचं काय करायचं हा विचार करायला माणूस पुन्हा जागेवर येतो. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, हे मी प्रत्येकाला आधीच सांगते, कारण आठव्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून डबी कोनाड्यात जाते. हा माणूस तिसऱ्या आठवड्यात आला तेव्हा ‘कंबर जरा हलकी वाटती’ म्हणाला. मन बरं झालं असं तो म्हणाला नाही. तसं म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही.

आता एक अवघड विषय. शेतकऱ्यानं जीव दिला की पंचनामा होतो, तहसीलमधून प्रस्ताव जातो, आणि जिल्ह्याची समिती ते प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. पात्र ठरलं तर वारसाला एक लाख रुपये. पात्रतेला काय लागतं? नापिकी, कर्जबाजारीपणा, परतफेडीचा तगादा. घरच्यांना हे पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे माणूस कित्येक महिने आजारी होता, गोळ्या चालू होत्या, आधीही एकदा असं झालं होतं, हे सांगायला घर कचरतं. आजार म्हटला तर प्रकरण बाद होईल, ही धास्ती असते. त्याची विधवा खोटं बोलत नाही. कागदाला जेवढं हवं तेवढंच सांगते. पण त्या कागदावरून आपण आत्महत्यांबद्दल जे काही शिकतो, त्यातून आजार पुसला जातो. मदत देताना आजाराची नोंद ही अपात्रतेची बाब मानू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कर्ज आणि आजार एकाच घरात, एकाच वेळी राहतात.

शेतकरी चळवळीतल्या माझ्या मित्रांना हे आवडत नाही. ते म्हणतात, ‘‘डॉक्टरीणबाई, तुम्ही आजार म्हणालात की सरकार सुटलं. भावाचा प्रश्न, पाण्याचा प्रश्न तुम्ही गोळीत गुंडाळताय.’’ त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. गोळीनं कापसाला भाव मिळत नाही, आणि तसं कोणी सुचवलं तर त्याला पहिला विरोध मी करीन. पण हमीभावासाठी लढायचं असेल तर तो माणूस त्या दिवसापर्यंत जिवंत राहायला हवा. आंदोलनातलं यश येईपर्यंत त्यानं पहाटे तीनला एकट्यानं जागत बसावं, असं म्हणण्याचा अधिकार तुम्हाला नाही आणि मलाही नाही.

सरकारनं काहीच केलं नाही असंही नाही. २०१५ साली मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू झाला, परभणी त्यात आहे. आशाताईंनी घरोघरी जाऊन विचारपूस करायची, संशय आला तर पुढं पाठवायचं, जिल्हा रुग्णालयात उपचार द्यायचे, १०४ क्रमांकावर फोनवर समुपदेशन, अशी ती रचना. कल्पना उत्तम आहे, कारण दुपारी चारला कोणत्या घरात चूल थंड असते हे आशाताईला माहीत असतं, मला नसतं. मात्र त्याच आशाताईवर लसीकरण, बाळंतपणं, क्षयाचे पेशंट आणि दर महिन्याला येणारा एखादा नवा सर्व्हे एवढा भार आहे. मनाची विचारपूस घाईत होत नाही. ‘‘टेन्शन आहे का?’’ असं उंबऱ्यातून विचारलं तर ‘‘नाही’’ असंच उत्तर येणार.

बसून विचारलं तर काय घडतं, हे अमरावती जिल्ह्यात दिसलं आहे. तिथल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच साध्या शिकलेल्या कार्यकर्त्यांना तयार केलं, त्यांनी गावात बैठका घेतल्या, नैराश्य असलेल्यांना आधार दिला, गरज असेल त्यांना डॉक्टरांपर्यंत नेलं. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरातल्या जेमतेम चार जणांनी कुठे मदत घेतली होती. दीड वर्षानं तो आकडा सत्तावीसवर गेला. शंभरातले त्र्याहत्तर तरीही बाहेरच राहिले, हे मी विसरत नाही. पण माणसं आपलीच, पीक तेच कापसाचं, आणि तिथं जमलं.

गोव्यात ‘संगत’ संस्थेनं याच्याही पुढं जाऊन पाहिलं. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांसोबत सहा ते आठ भेटी केल्या. त्या भेटींत मोठं तत्त्वज्ञान नव्हतं. ‘‘उद्या सकाळी काय करणार? कोणासोबत?’’ एवढ्यावरच सगळा भर. इच्छा होईल तेव्हा करू असं न म्हणता आधी छोटं काही करायचं, म्हणजे मागून इच्छा येते. तीन महिन्यांनी त्या गटातले ६४ टक्के लोक आजारातून बाहेर होते, नेहमीचीच सेवा मिळालेल्या गटातले ३९ टक्के. मी आता मानवतच्या माणसासारख्यांना हेच सांगते : शेताला फेरी नको, बांधापर्यंत जा. पारावर तासभर नको, चहा संपेपर्यंत बसा. आणि बायकोला सांगते, त्यांना एकट्याला पाठवू नका, सोबत पोरगा द्या.

इथपर्यंत मी कारणांच्या गर्दीत हरवणाऱ्या आजाराबद्दल बोलले. दुसरा एक आजार असा आहे की त्यात आपण कारण पार उलटं वाचतो.

सेलूकडचा एक तरुण, बापाचं कृषी सेवा केंद्र चालवणारा. दिवाळीनंतर घरच्यांनी आणला. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा, आंघोळ नाही, दुकान बंद. बाप म्हणाला, ‘‘कर्जामुळं खचला.’’ कर्ज होतंच, आणि तेही मोठं. कागदावर सगळं जुळत होतं. पण नैराश्याच्या प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांना एक प्रश्न विचारल्याशिवाय औषध लिहायचं नसतं : याच्या उलटं कधी झालं होतं का? झोप नसूनही दमत नव्हते, असे दिवस? बायको म्हणाली, ‘‘जेष्ठात तर झोपतच नव्हते.’’ ते दिवस असे होते. रात्री दोन तास झोप आणि तरी ताजातवाना. बोलणं इतकं भरभर की ऐकणाऱ्याला धाप लागावी. पहाटे चारला स्पीकरवर भजन. गावजेवणाची घोषणा. दुसऱ्या ट्रॅक्टरची बुकिंग. जिल्हा परिषदेला उभं राहायचं ठरलं, पोस्टर छापून आले. रस्त्याकडेच्या एकरभर जमिनीची इसार पावती करून तो मोकळा झाला होता, का तर शीतगृह उभारायचं. पहिल्या पंधरवड्यात गाव म्हणालं, ‘‘पोरगं लई कर्तबगार निघालं.’’ बापाची छाती फुगली होती. अडवायला गेल्यावर त्यानं बापावर हात उचलला, तेव्हा गावाचं मत बदललं, आणि मग कोणीतरी लिंबू-मिरची सुचवली.

म्हणजे कर्जामुळे आजार झाला नव्हता. आजारानं कर्ज केलं होतं. ते कर्ज म्हणजे ज्येष्ठातल्या त्या उन्मादाचा हिशेब होता. याला द्विध्रुवीय आजार म्हणतात, डॉक्टर मंडळी बायपोलर म्हणतात. काही काळ उन्माद, काही काळ नैराश्य, मधला काळ अगदी आपल्यासारखा. मधल्या काळात हा तरुण बियाण्यांच्या वाणांची नावं घडाघडा सांगायचा, उधारीची वही चोख ठेवायचा. त्यामुळेच घरच्यांना वाटतं, हा ठरवून करतो. ठरवून करत नाही. आणि उलट्या दिवसांचा तो प्रश्न न विचारता याला नुसतं नैराश्याचं औषध दिलं, तर तो पुन्हा उन्मादात जाऊ शकतो. म्हणून मी तो प्रश्न सोडत नाही, आणि तुम्हीही कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तर मागचे ‘चढलेले’ दिवस आपण होऊन सांगा. सुखाचे दिवस म्हणून ते गाळू नका.

या आजाराला एक जुनं, स्वस्त आणि फार गुणाचं औषध आहे : लिथियम. जॉन केड नावाचे ऑस्ट्रेलियन डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत साडेतीन वर्षं होते. सुटून आल्यावर मेलबर्नजवळच्या एका रुग्णालयात त्यांनी साध्या साधनांनी काम सुरू केलं आणि १९४९ साली उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियम देऊन पाहिल्याचा अहवाल छापला. आज पाऊण शतक होऊन गेलं तरी हे औषध मागं पडलेलं नाही. आत्महत्येचा धोका कमी करणाऱ्या औषधांत त्याचं नाव आदरानं घेतलं जातं.

पण लिथियम परभणीच्या उन्हात सांभाळून घ्यावं लागतं. हे मी जरा विस्तारानं सांगते, कारण हे बाहेरच्या पुस्तकांत कोपऱ्यात असतं आणि आपल्यासाठी ते मधोमध हवं. रक्तात त्याचं प्रमाण थोडं कमी झालं तर उपयोग नाही, थोडं वाढलं तर विषबाधा. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की ते वाढतं. मे महिन्यात पारा ४४ वर असताना दिवसभर नांगरटीला उभा राहिलेला माणूस, निर्जळी एकादशी करणारी बाई, रमजानचे रोजे धरणारा भाऊ, पायी वारीला निघालेला वारकरी, जुलाब लागलेलं कोणीही, या सगळ्यांनी आधी डॉक्टरांना विचारलं पाहिजे. उपास सोडा असं मी म्हणत नाही; विचारून करा. अंगदुखीच्या बऱ्याच गोळ्यांनीही हे प्रमाण वाढतं, आणि त्या आपल्याकडे किराणा दुकानातसुद्धा मिळतात. हात जास्त थरथरायला लागले, उलट्या-जुलाब झाले, चालताना झोक जायला लागला, जीभ जड झाली, तर वाट न बघता दवाखाना गाठा. ठराविक काळानं रक्तातलं प्रमाण, थायरॉईड आणि किडनी तपासायची असते. ही तपासणी जिल्ह्याच्या गावी तरी सरकारी खर्चानं, अडथळ्याविना झाली पाहिजे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नमुना घेऊन पाठवता आला तर आणखी चांगलं. पालमच्या माणसाला एका रक्ततपासणीसाठी अख्खी मजुरी बुडवायला लागू नये.

स्किझोफ्रेनियाबद्दल थोडक्यात बोलते. कोणी नसताना आवाज ऐकू येणं, लोक आपल्या वाईटावर आहेत असा पक्का समज, हळूहळू सगळ्यांपासून तुटत जाणं. इथं लोक कारण ‘बाहेरचं’ मानतात. देवीला जा, दर्ग्यावर जा, मी कोणाला अडवत नाही. गोळी मात्र चुकवू नका. एक गोष्ट अडवते : साखळी. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडी इथं आग लागली आणि साखळीनं बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळीनं बांधण्याला बंदी केली आहे. आपल्या जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्यांवर, गोठ्याशेजारच्या खोलीत असा माणूस तुम्हाला माहीत असेल, तर त्याच्या आईवर केस करायला धावू नका. ती वर्षानुवर्षं एकटी झुंजली आहे. तिला सोबत घेऊन जिल्हा रुग्णालयात या. हा आजार बघायचा असेल तर सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा २००४ चा ‘देवराई’ हा चित्रपट बघा. त्यात बहिणीची जी ओढाताण आहे ती मी रोज बघते. आणि त्यांचाच ‘कासव’ नैराश्यावर आहे, ज्याला सुवर्णकमळ मिळालं. गावच्या पडद्यावर गणपतीत हे दोन दाखवायला काय हरकत आहे?

आजार कोणताही असो, जीव द्यायचे विचार येतात का, हे विचारलं तर ते डोक्यात भरतील, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. विचारल्यानं माणूस हलका होतो. ‘‘सगळं सोडून जावं असं वाटतं का?’’ असं सरळ, शांतपणे विचारा. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं घरातून काढून दुसऱ्याच्या कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात आणा. पोलीस केस होईल या भीतीनं लोक लपवतात. २०१७ च्या कायद्यानं प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखाली असलेला मानून शिक्षेपासून संरक्षण दिलं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दलचं जुनं ३०९ कलम तसं उरलेलं नाही. १४४१६ हा ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक रात्री तीनलाही लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

राहिला प्रश्न उपचार मिळण्याचा. देशात ‘निमहान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये मोठी पाहणी केली. तिच्यात उपचाराबाहेर राहिलेले लोक आजारानुसार ७० ते ९२ टक्के निघाले. त्या पाहणीत १२ राज्यं होती. महाराष्ट्र त्यांत नव्हता. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. नकाशात मराठवाडा कुठे आहे ते तुम्हीच बघा.

उपचार सुरू झाले तरी काहींचे ते मध्येच तुटतात. गंगाखेड-सोनपेठकडची ऊसतोडीला जाणारी जोडपी दिवाळीच्या सुमारास निघतात. उचल घेतलेली असते, मागं फिरता येत नाही. औषध महिन्याचं मिळतं आणि कोयता पाच-सहा महिन्यांचा. फडावर गोळ्या संपतात, झोप मोडते, आणि फेब्रुवारीत मुकादमाचा फोन येतो, ‘‘तुमचा माणूस बिघडला.’’ निघण्याआधी भेटा. जास्त दिवसांचं औषध लिहून देता येतं, कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यासाठी चिठ्ठी देता येते, आणि टोळीतल्या एका बाईला गोळीची वेळ सांगून ठेवता येते.

व्याख्यान संपलं की मला एक प्रश्न हमखास येतो, म्हणून उत्तर आत्ताच देते. ‘‘आमचा माणूस दवाखान्यात यायला तयारच नाही, काय करावं?’’ तुम्ही या. पहिल्या भेटीला घरच्यांनी एकटं आलं तरी चालतं. येताना तीन गोष्टी आणा. जुन्या सगळ्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं. घरात आधी कोणाला, म्हणजे चुलत्याला, आजीला, मामाला असं काही झालं होतं का, त्याची खरी माहिती. लग्नाच्या वेळी लपवलेली असेल तर तीही, ती माझ्याकडेच राहील. आणि वहीच्या एका पानावर गेल्या पंधरा दिवसांची झोप : किती वाजता पडले, किती वाजता उठले. का उदास आहेत ते लिहू नका. ते आपण नंतर बघू. आधी झोपेचं पान.